डिजीकॅम: काही महिने वापरल्यानंतर

फोटोंसाठी सॉफ्टवेअर निवडताना मी सगळ्यात आधी एक गोष्ट तपासते. मी खपून भरलेली नावं, टॅग, तारखा उद्या ते सॉफ्टवेअर बंद पडलं तर माझ्या हाती राहणार का? 2016 मध्ये गूगलने पिकासा हे आपलं फोटो सॉफ्टवेअर बंद केलं, तेव्हा लोकांचे फोटो शाबूत होते. पण अल्बमची रचना पिकासाच्याच फाइल्समध्ये राहिली. म्हणून मी डिजीकॅम घेतलं. मुक्त स्रोत आहे, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हीवर चालतं.

ग्यानबाची मेख मेटाडेटाच्या, म्हणजे फोटोसोबतच्या नावं-टॅग-तारखांच्या, सेटिंगमध्ये आहे. माहिती फक्त डेटाबेसमध्ये ठेवायची की फोटोच्या फाइलमध्येही लिहायची, हे आपण ठरवायचं. मी फाइलमध्ये लिहायला सांगितलं. मग एका जेपीईजीला टॅग लावला, तीच फाइल दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली, तर टॅग जसाच्या तसा हजर! त्या क्षणी माझा निर्णय पक्का झाला. रॉ फाइलला (कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेल्या मूळ फोटोला) मात्र हात न लावता शेजारी एक्सएमपी फाइल, म्हणजे ही माहिती लिहिलेली वेगळी छोटी फाइल, ठेवलेली बरी. त्यातही एक बारकावा आहे: निकॉनच्या 'फोटो.एनईएफ' या रॉ फाइलसाठी डिजीकॅम तिला 'फोटो.एनईएफ.एक्सएमपी' असं नाव देतं, तर अडोबीच्या लाइटरूम या फोटो सॉफ्टवेअरला 'फोटो.एक्सएमपी' लागतं. दोन्ही वापरणार असाल तर सुसंगत नावांचा पर्याय पहिल्याच दिवशी निवडा.

मराठीत टॅग लावणाऱ्यांनी हे जरूर वाचावं. फोटोत माहिती लिहिण्याच्या आयपीटीसी या जुन्या पद्धतीत एका कीवर्डला (टॅगला) 64 बाइट्सच मिळतात आणि अक्षरं साठवण्याच्या यूटीएफ-8 या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रासुद्धा, 3 बाइट्स खातं. म्हणजे जेमतेम 21 चिन्हं. एक्सएमपीला ही मर्यादा नाही, तरी मी टॅग आटोपशीरच ठेवते.

चेहरे ओळखण्याचं काम आपल्याच संगणकावर होतं, फोटो कुठेही पाठवले जात नाहीत. मला हे फार मोलाचं वाटतं. त्यासाठीच्या मॉडेल फाइल्स तेवढ्या एकदा उतरवून घ्याव्या लागतात. सॉफ्टवेअर नावं सुचवतं, आपण एकेक पक्कं करत जायचं. लहान मुलांच्या बाबतीत ते बरंच गोंधळतं, तिथे चिकाटी लागते.

सारखे फोटो शोधायची सोय उत्तम. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोंमधून एक्झिफची, म्हणजे कॅमेऱ्याने फोटोत लिहिलेली, तारीख गळून गेलेली असते, त्यामुळे ते भलत्याच महिन्यात जाऊन बसतात. तारीख बदलायच्या साधनाने असे फोटो एका झटक्यात सुधारता येतात. स्कॅन केलेल्या जुन्या फोटोंनाही हेच.

मेनू मात्र अति भरगच्च आहेत. आणि एक लक्षात असू द्या: काढून टाकलेले फोटो संग्रहातल्याच लपलेल्या कचरापेटीत जातात, ती रिकामी केल्याशिवाय डिस्कवर जागा होत नाही.

याचं मोबाइल ॲप नाही. सगळं फोनवरच करणाऱ्यांना हे सुचवणार नाही. संगणकावर बसून वर्षानुवर्षांचा संग्रह लावायचा असेल, तर निःशंक घ्या.