उच्च हार्मोनिक्स: वायूतले रेणू की स्फटिक?

तीव्र लेझर पदार्थावर सोडला की लेझरच्या वारंवारतेच्या कित्येक पट वारंवारतेचा प्रकाश बाहेर पडतो; तीच उच्च हार्मोनिक्स. त्यांचा प्रयोग मांडायच्या आधी एवढंच ठरवा: तुम्हाला प्रकाश हवा आहे की पदार्थाची माहिती? अ‍ॅटोसेकंदाचे स्पंद (सेकंदाच्या अब्जाव्या भागाच्या अब्जाव्या भागात मोजायचे) किंवा दूरच्या अतिनील पट्ट्यातला प्रकाश हवा असेल तर सरळ वायू घ्या. घोळ होतो तो पदार्थ समजून घ्यायचा असेल तेव्हा.

वायूतलं गणित स्वच्छ आहे. पॉल कोर्कम यांनी १९९३ मध्ये मांडलेल्या चित्रात लेझरचं क्षेत्र इलेक्ट्रॉनला रेणूतून बाहेर ओढतं, दूर नेतं, दिशा बदलली की परत आणतं, आणि परतलेला इलेक्ट्रॉन कमावलेली ऊर्जा एका फोटॉनमध्ये टाकतो. कमाल ऊर्जा म्हणजे आयनन ऊर्जा (इलेक्ट्रॉन रेणूतून सोडवायला लागणारी) अधिक दोलन-ऊर्जेच्या (लेझरच्या क्षेत्रात हेलकावताना इलेक्ट्रॉनला मिळणाऱ्या सरासरी ऊर्जेच्या) ३.१७ पट. नायट्रोजनवर ८०० नॅनोमीटरचा लेझर प्रति चौरस सेंटिमीटर २०० टेरावॉट तीव्रतेने सोडला, तर ही मर्यादा सुमारे ५३ इलेक्ट्रॉन-व्होल्ट येते. इलेक्ट्रॉन आपल्याच रेणूकडे परततो, म्हणून त्या प्रकाशात ऑर्बिटलच्या (रेणूतल्या इलेक्ट्रॉनच्या पसाऱ्याच्या) आकाराची खूण उतरते. २००४ मध्ये एका दिशेत वळवलेल्या नायट्रोजनच्या रेणूंवरून तसं चित्र काढलंही गेलं. पण रेणू वळवायला आणखी एक स्पंद लागतो, शिवाय वायूचा झोत आणि व्हॅक्यूम चेंबर.

स्फटिकात हा खटाटोप बराच कमी. २०११ मध्ये झिंक ऑक्साइडमधून हार्मोनिक्स मिळाली ती मध्य-अवरक्त लेझरने, आणि वायूपेक्षा कितीतरी कमी तीव्रतेवर. हार्मोनिक्स दृश्य किंवा जवळच्या अतिनील पट्ट्यात असतील तर हवेतच साध्या स्पेक्ट्रोमीटरने दिसतात.

सोय आहे, पण अर्थ लावणं अवघड. इथे इलेक्ट्रॉन बाहेर पडतच नाही. तो कंडक्शन बँडमध्ये (इलेक्ट्रॉन मोकळे हिंडू शकतात त्या ऊर्जेच्या पट्ट्यात) चढतो आणि मग दोन वाटांनी प्रकाश देतो: बँडमधल्या ऊर्जेचा आलेख पॅराबोलासारखा नसल्याने वेडावाकडा वाहणारा प्रवाह ही एक, होलशी (इलेक्ट्रॉन गेल्याने मागे उरलेल्या रिकाम्या जागेशी) पुन्हा मिलन ही दुसरी. कोणती वाट भारी, हे पदार्थ, तरंगलांबी आणि हार्मोनिकचा क्रम यांवर अवलंबून. वर्णपटाच्या एका आलेखावरून यंत्रणा ओळखल्याचा दावा कुणी केला, तर मी तरी सावध होतो. त्यात जाड नमुना असेल तर बँड गॅपच्या (कंडक्शन बँडमध्ये चढायला लागणाऱ्या किमान ऊर्जेच्या) वरची हार्मोनिक्स स्फटिकच गिळतो, आणि मूळ स्पंदही आत जाताना बदलतो. म्हणून पातळ थर घ्या, नाहीतर परावर्तित प्रकाश मोजा.

ध्रुवीकरणाचा (प्रकाशाचं विद्युत क्षेत्र कोणत्या दिशेत डोलतं त्याचा) अनुभवही वेगळा. वायूत लेझरचं ध्रुवीकरण थोडं लंबवर्तुळाकार केलं की उत्पादन कोसळतं. ग्राफीनमध्ये मात्र काही हार्मोनिक्स उलट वाढलेली दिसली आहेत. मॉलिब्डेनम डायसल्फाइडच्या एकपदरी थरात व्युत्क्रम सममिती (मध्यबिंदूतून उलटवलं तरी रचना तशीच राहणं) नसल्याने सम क्रमांकाची हार्मोनिक्सही येतात.

हाताशी फक्त ८०० नॅनोमीटरचा लेझर असेल तर अरुंद गॅपच्या अर्धवाहकाच्या मागे लागू नका, नमुना जळेल. सिलिकॉन डायऑक्साइडसारखा रुंद गॅपचा पातळ थर घ्या. त्यातून २०१५ मध्ये सुमारे ४० इलेक्ट्रॉन-व्होल्टपर्यंत मजल गेली होती. अर्थात, एवढ्या ऊर्जेचा प्रकाश हवा शोषून घेते, म्हणून तिथे पुन्हा व्हॅक्यूम आलाच.