आधी ‘हाय नून’ की आधी ‘रिओ ब्राव्हो’?

वेस्टर्न, म्हणजे जुन्या अमेरिकी पश्चिमेतले काउबॉय-बंदूकबाजांचे चित्रपट, पाहायला सुरुवात करायची ठरवली की पहिली अडचण यादीची. शेकडो चित्रपट, निम्म्यांत नट जॉन वेन, आणि बाहेरून सगळे सारखेच दिसणारे. माझा सल्ला असा, की यादी बाजूला ठेवा आणि दोनच चित्रपट घ्या. फ्रेड झिनेमनचा ‘हाय नून’ (१९५२) आणि हॉवर्ड हॉक्सचा ‘रिओ ब्राव्हो’ (१९५९). हॉक्स आणि जॉन वेन या दोघांना ‘हाय नून’ मुळीच पटला नव्हता, आणि ‘रिओ ब्राव्हो’ हे त्यांनी त्याला दिलेलं उत्तर आहे. भांडण समोरासमोर ऐकायला मिळालं की हा चित्रप्रकार जितका लवकर कळतो, तितका दहा सुटे चित्रपट पाहून कळत नाही.

गोष्टीचं बीज दोन्हीकडे एकच. छोटं गाव, कायदा राखणारा एक माणूस, त्याच्यावर चालून येणारे मारेकरी. त्याने गावाकडे मदत मागावी का?

‘हाय नून’मधला मार्शल विल केन मागतो. त्याचं नुकतंच लग्न झालंय, नोकरी सोडून तो बायकोबरोबर निघालाय, तेवढ्यात खबर येते की त्यानेच तुरुंगात धाडलेला फ्रँक मिलर सुटला असून दुपारच्या बारा वाजताच्या गाडीने येतोय. स्टेशनवर त्याचे तीन साथीदार वाट पाहत बसलेत. केन परत फिरतो आणि दारोदार हिंडतो. न्यायाधीश सामान बांधून निघून जातो, एक मित्र घरात असून बायकोकरवी ‘घरी नाही’ म्हणून सांगतो. चर्चमध्ये भरपूर चर्चा होते, सगळे केनचं कौतुक करतात आणि जागचं कुणी उठत नाही. ८५ मिनिटांचा चित्रपट आणि पडद्यावरचा वेळही जवळपास तेवढाच. भिंतीवरची घड्याळं पुन्हापुन्हा दिसतात आणि प्रत्येक वेळी पोटात गोळा येतो. केन झालेला गॅरी कूपर तेव्हा पन्नाशीचा होता. त्याच्या चेहऱ्यावरचा थकवा आणि भीती लपवलेली नाही. नायक घाबरलेला दिसू शकतो, हे त्या काळच्या वेस्टर्नमध्ये धाडसाचं होतं. त्याला या भूमिकेसाठी ऑस्कर मिळालं. छायाचित्रकार फ्लॉइड क्रॉस्बीने आभाळ पांढरंफटक ठेवलंय. इथे निसर्गसौंदर्य शोधू नका, ते मुद्दाम काढून टाकलेलं आहे.

‘रिओ ब्राव्हो’चा शेरीफ जॉन टी. चान्स, म्हणजे वेन, मदत मागत नाहीच, समोरून आलेली मदतही नाकारतो. त्याने एका बड्या रँचमालकाच्या भावाला खुनाबद्दल पकडलंय आणि कैदी सोडवायला पैसे देऊन आणलेले बंदूकबाज गावात जमताहेत. चान्सचं म्हणणं सरळ आहे. हे काम ज्याला येतं त्यानेच करावं, बायकापोरं असलेल्या माणसांना यात ओढू नये. त्याच्याजवळ उरतात ते तिघे. दारूत बुडालेला जुना सहकारी ड्यूड, कोठडीवर पहारा देणारा लंगडा म्हातारा स्टम्पी आणि कोलोरॅडो नावाचा एक पोरगेला बंदूकबाज.

आता गंमत बघा. ‘हाय नून’मध्येही केनकडे आपण होऊन दोघं येतात, एक डोळा गेलेला दारुडा आणि चौदा वर्षांचा मुलगा. केन दोघांनाही प्रेमाने परत पाठवतो. हॉक्सने नेमकी तशीच माणसं, म्हणजे दारुडा आणि पोरगा, वर एक अधू म्हातारा, उचलून आपली फौज उभी केली, असं मला हे दोन्ही चित्रपट लागोपाठ पाहताना दर वेळी वाटतं. आणि दोघांचं भांडण वरून दिसतं तितकं टोकाचं नाही. मदत नको म्हणणारा चान्स अडचणीत सापडतो तेव्हा त्याला न मागितलेली मदतच वाचवते. केनच्या बाबतीत काय होतं ते सांगत नाही.

हे भांडण एवढं पेटलं कशामुळे, हे माहीत असलेलं बरं. ‘हाय नून’ लिहिणारा कार्ल फोरमन एकेकाळी कम्युनिस्ट पक्षाचा सदस्य होता. चित्रपटाचं काम चालू असतानाच अमेरिकी संसदेच्या समितीने त्याला चौकशीला बोलावलं. त्याने इतरांची नावं सांगितली नाहीत, हॉलिवूडने त्याला काळ्या यादीत टाकलं आणि तो इंग्लंडला निघून गेला. पाठ फिरवणारं गाव त्याने घरबसल्या कल्पिलेलं नव्हतं. वेन दुसऱ्या, म्हणजे कम्युनिस्टविरोधी बाजूचा खंदा माणूस. पुढे त्याने ‘हाय नून’ला अमेरिकाविरोधी ठरवलं. तरी ऑस्करच्या सोहळ्यात गैरहजर कूपरचा पुरस्कार स्वीकारायला मंचावर गेला तो वेनच! आणि ४ जून १९८९ च्या निवडणुकीत पोलंडमधल्या कम्युनिस्ट राजवटीविरुद्धच्या ‘सॉलिडॅरिटी’ चळवळीने भित्तिपत्रकावर ‘हाय नून’मधल्या गॅरी कूपरला उभं केलं, हातात बंदुकीऐवजी मतपत्रिका देऊन.

पाहण्याच्या अनुभवात मात्र दोघांत जमीन-अस्मानाचा फरक. ‘रिओ ब्राव्हो’ रंगीत आहे, १४१ मिनिटांचा आहे आणि त्याला कसलीच घाई नाही. सुरुवातीची काही मिनिटं एकही संवाद नाही, आणि तेवढ्यात ड्यूडची सगळी अवनती कळते : दारूसाठी पिकदाणीत टाकलेलं नाणं उचलायला तो वाकतो. या भूमिकेत डीन मार्टिन आहे आणि माझ्या मते चित्रपट वेनचा नसून त्याचा आहे. पुढे एका प्रसंगात त्याचे थरथरणारे हात स्थिर होतात. ते कसे, ते तुम्हीच पाहा. मध्येच कोठडीत बसून चान्सचे साथीदार गाणीही म्हणतात, आणि ते जराही खोटं वाटत नाही, कारण तोवर ही माणसं आपल्या घरची झालेली असतात. दोन्ही चित्रपटांचं संगीत दिमित्री टिओमकिनचंच, हे वेगळंच आश्चर्य.

एका बाबतीत ‘हाय नून’ सरळ सरस आहे. कॅटी हुराडोने केलेली हेलन रामिरेझ ही मेक्सिकन व्यावसायिक बाई गावातली सगळ्यात शहाणी व्यक्ती आहे आणि तिचा मान कुठे कमी होत नाही. ‘रिओ ब्राव्हो’त मेक्सिकन हॉटेलवाला निव्वळ हसवायला आहे. ते आज खटकतं.

तर निवड? एकटे पाहणार असाल आणि दीड तासच हाताशी असेल तर ‘हाय नून’. घरची मंडळी शनिवारी रात्री एकत्र बसणार असतील तर ‘रिओ ब्राव्हो’. कृष्णधवल म्हटलं की कंटाळणारे कुणी असतील तर मग नक्कीच. दोन्ही पाहणार असाल तर क्रम चुकवू नका, आधी प्रश्न आणि मग उत्तर. एकच आयुष्यभर जवळ ठेवायचा म्हणाल तर मी ‘रिओ ब्राव्हो’ ठेवीन. ‘हाय नून’ पहिल्यांदा जास्त जोरात लागतो, पण ‘रिओ ब्राव्हो’कडे परत परत जावंसं वाटतं.

पुढची वाट यावरून ठरवा. केनचा एकटेपणा मनात राहिला तर क्लिंट ईस्टवुडचा ‘अनफर्गिव्हन’ (१९९२) घ्या. बंदुकीने माणूस मारणं म्हणजे काय, हे त्याच्याइतकं कुणी स्पष्ट सांगितलेलं नाही. चान्सची टोळी आवडली तर हॉक्सने तोच डाव ‘एल डोराडो’त पुन्हा मांडलाय, थोडा सैल. सर्जिओ लिओनेचा ‘वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट’ (१९६८) मात्र सगळ्यांनीच पाहावा. त्यातल्या कुटुंबाच्या हत्येच्या प्रसंगात ‘शोले’मधला ठाकूरचा वाडा आठवल्यावाचून राहणार नाही. जॉन फोर्डचा ‘द सर्चर्स’ (१९५६) बरेच जण पहिला सुचवतात. मी तो मागे ठेवायला सांगेन. त्याचा नायक कोमांची या मूळ अमेरिकी जमातीच्या लोकांचा उघड द्वेष करतो, आणि त्यांच्या प्रमुखाची भूमिका एका गोऱ्या नटाने केली आहे. वेनला आधी चान्सच्या रूपात पाहून झालेलं असेल, तर इथे फोर्डने त्याच वेनमधून किती काळोख बाहेर काढलाय ते नीट जाणवतं.