दहावीच्या बक्षिसाची दुर्बीण आणि परसातला शेवगा

थोरल्याला दहावीचा शेवटचा पेपर झाला की दुर्बीण घेऊन देईन, असं मी कबूल करून बसले होते. पाडव्याला शब्द पाळला. 8×42 ची, साडेआठ हजारांना पडली. बेत कासला न्यायचा होता, पण कासच्या फुलांना पाऊस सरावा लागतो आणि इथं तर चैत्र लागलेला. म्हणून दीड महिना ती आमच्या गोडोलीतल्या परसातच फिरतेय.

आधी तक्रार. दुकानदाराने खोकं हातात दिलं, पैसे मोजून घेतले, संपलं. घरी चार दिवस माझं डोकं ठणकत होतं, चित्र काही धड जुळेना. परत करायला निघालेच होते, तेवढ्यात थोरल्याने उजव्या डोळ्याजवळची कडी शोधून काढली. उजवा डोळा मिटून मधल्या चाकाने डावीकडचं चित्र साफ करायचं, मग डावा मिटून ती कडी फिरवायची. दोन डोळ्यांचा नंबर सारखा नसतो, त्यासाठी ती सोय. विज्ञानातला भिंगांचा धडा एवढा तरी कामी आला म्हणायचा!

8 म्हणजे आठपट जवळ, 42 म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. भिंग मोठं, म्हणून पहाटेच्या अंधुक उजेडातही दिसतं छान. थोरला दहापटीची मागत होता. दुकानातच दोन्ही धरून पाहिल्या. दहापटीत अजिंक्यताऱ्यावरचा टॉवर नुसता डुलत होता. हात आपलाच हलतो, पण ते हलणंही आठपटीऐवजी दहापट दिसतं ना.

आता परसातलं. शेवग्याची एक फांदी वाळलीय, ती छाटायची म्हणून ह्यांनी कोयता काढलाच होता. पण तिच्या खालच्या अंगाला तांबट पक्षी भोक पाडताना दिसला. आवाज पूर्वीपासून ऐकतोय, दुपारभर टुक् टुक्, तांब्याच्या भांड्यावर ठोके मारल्यागत. पाहिला मात्र आत्ता. चिमणीएवढा हिरवा जीव, कपाळावर आणि गळ्याला लाल, डोळ्याभोवती पिवळं. आत शिरायचा, चोचभर भुसा घेऊन तोंड बाहेर काढायचा, मान झटकून टाकून द्यायचा. खाली जास्वंदीच्या पानांवर त्याचा थर साचला होता. कोयता परत माळ्यावर गेला.

धाकटी मनी सहा वर्षांची. तिचा पुढचा दात त्याच आठवड्यात पडला, ताटातल्या भाकरीत. तो कागदात बांधून सगळ्या गल्लीला दाखवून झाला. पण दुर्बीण तिच्या कामाची नाही, हे लहान मुलांच्या आईबापांनी नीट ऐकून ठेवा. पोरांच्या डोळ्यांमधलं अंतर कमी असतं. आमची पूर्ण दुमडली तरी तिच्या डोळ्यांशी जुळत नाही, तिला दोन वेगळे गोल दिसतात. वर वजन पाऊण किलोच्या आसपास. शेवटी ती एकाच नळीतून बघते, कठड्यावर कोपरं टेकून. दुकानात मुलाला नेऊन लावून बघावी. मी नेलं नव्हतं. सूर्याकडे धरायची नाही, हे मात्र पहिल्या दिवशीच दरडावून सांगितलंय.

दुसरं, जवळचं दिसत नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर शिंजीराने कोळ्याच्या जाळ्यांचं लोंबतं घरटं केलंय, जेमतेम दोन हातांवर. तिथं दुर्बीण लावली की सगळा धूर. तिला तीनेक मीटर तरी अंतर लागतं. ते घरटं आपलं भाजी चिरता चिरता नुसत्या डोळ्यांनी बघायचं.

भिंगांची टोपणं सैल आहेत, एक आडात गेलंच. पट्टा मानेला काचतो.

एवढं असूनही मी ती परत करणार नाही, ते सासूबाईंमुळे. फाल्गुनात त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. काळा चष्मा सुटल्यावर एका संध्याकाळी मी दुर्बीण त्यांच्या हाती दिली. चष्मा असला तर रबरी वाट्या आत फिरवायच्या, हे तेव्हा समजलं. नाहीतर कडेचं चित्र कापलं जातं. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "अगं बया, ह्येला मिशा हायत की!"

खरंच आहेत. तांबटाच्या चोचीच्या मुळाशी राठ काळे केस. दीड महिन्यात आम्हां कुणाला दिसले नव्हते.

पट्टा आता त्यांच्या मापाचा करून दिलाय. थोरल्याला हवी असली तर आजीकडे मागावी लागते.