पिन गनचा सेट: यंत्रं उत्तम, जोडणी बदलून घ्या

कुडाळला आमचं प्लायच्या फर्निचरचं वर्कशॉप आहे. बीडिंग पट्ट्या आणि कपाटांचे पाठचे प्लाय यांसाठी २४ लिटर टाकीचा ऑइल-फ्री कंप्रेसर, १८ गेजची एफ-३० पिन गन (हवेच्या दाबाने बारीक पिना ठोकणारं यंत्र) आणि पाइप असा एकत्र सेट घेतला. कंप्रेसरचा आवाज बेताचा आहे, शेजारी बोलता येतं. गन हलकी आहे, ३० मिलिमीटरची पिन सागाच्या पट्टीतही सरळ बसते. या दोन्हींसाठी पैसे वसूल.

माझी नाराजी आहे ती मधल्या सामानावर. आपोआप बंद होणारा कपलर (आत झडप असलेली जोडणी) या सेटमध्ये गनला लावून आला होता आणि त्यात अडकणारा साधा निपल पाइपच्या टोकाला. हे धोक्याचं आहे. पाइप काढला तरी कपलर गनमधली हवा कोंडून धरतो आणि आत एक पिन उडवण्याइतका दाब राहतो. अडकलेली पिन काढायला मिस्त्री गन तोंडाकडून उघडतो, तेव्हा बोट तिथेच असतं. गनला आरपार भोकाचा निपलच हवा, म्हणजे पाइप निघताक्षणी गन रिकामी होते. बाजारातल्या हार्डवेअरवाल्याकडून टेफलॉन टेप लावून दोन्ही टोकं अदलाबदल करून घेतली. खर्च किरकोळ आला.

दुसरी गोष्ट रेग्युलेटरची, म्हणजे बाहेर जाणाऱ्या हवेचा दाब कमी-जास्त करणाऱ्या भागाची. टाकी ८ बारला (बार म्हणजे दाबाचं माप) भरली की कंप्रेसर बंद होतो आणि गनवर छापलंय ४ ते ७ बार. म्हणजे टाकीची हवा थेट गनला द्यायचीच नाही. यात दोन काटे आहेत, एक टाकीचा आणि एक बाहेर जाणाऱ्या हवेचा. बघायचा तो दुसरा. मी त्याच प्लायच्या तुकड्यावर ४ बारपासून सुरू करायला लावते आणि पिनेचं डोकं पृष्ठभागाच्या जरा खाली गेलं की तिथेच थांबवते. जास्त दाबाने पातळ प्लायमधून पिन पलीकडे निघते.

पाइप जोडताना ट्रिगरवर बोट नको, गनचं तोंड माणसांकडे नको आणि डोळ्यांवर चष्मा हवाच.

आमच्या पावसात टाकीत पाणी भराभर साठतं. रोज संध्याकाळी हवा सोडून खालचा ड्रेन उघडावा लागतो, नाहीतर टाकी आतून गंजते. ऑइल-फ्री म्हटल्यावर गनलाही तेल नको असं पोरांना वाटतं. उलट या हवेतून तेल येत नाही, म्हणून निपलमधून एअर टूलच्या तेलाचे दोन-तीन थेंब आपणच सोडायचे.

लाइट गेली की शेजारच्या फॅब्रिकेशनवाल्याचा ऑक्सिजन सिलिंडर जोडू का, असं विचारणारे भेटतात. कधीही नाही! भरलेल्या सिलिंडरचा दाब गनच्या मर्यादेच्या कितीतरी पट असतो आणि शुद्ध ऑक्सिजनला तेल लागलं की स्फोट होतो. लाइट येईपर्यंत हातोडी घ्या.

जागा लांब असेल तर कंप्रेसर बोर्डाजवळ ठेवून हवेचा पाइप वाढवा. बारीक एक्स्टेंशन वायरवर मोटर अडखळते आणि तापते.

पाचपैकी चार स्टार देते. एक कापला तो उलट्या कपलरसाठी. स्प्रे पेंटिंगही करायचं असेल तर मोठी टाकी बघा, २४ लिटर त्याला पुरत नाही.