इसबासाठीचे सुगंधविरहित मलम : रोजच्या निगेला उत्तम, दाव्याला मात्र अपुरे

आमच्या घरातल्या लहानग्यासाठी पेट्रोलियम जेलीयुक्त, सुगंधविरहित असे एक मलम नियमित वापरात आहे. इसबाच्या कोरड्या त्वचेची रोजची निगा राखण्यासाठी ते उत्तम आहे. मात्र खोक्यावर छापलेला ‘इसबापासून संपूर्ण सुटका’ हा दावा मला अजिबात मान्य नाही.

मलम घट्ट असून बोटांवर घेताच अंगाच्या उबेने मऊ होते. लोशनमध्ये पाण्याचा अंश जास्त असल्याने ते लवकर सुकते आणि भेगाळलेल्या त्वचेला अनेकदा चुरचुरते. या मलमाने मूल कधी कळवळले नाही. कोमट पाण्याने ५ ते १० मिनिटांत अंघोळ उरकावी, अंग न चोळता मऊ कपड्याने टिपून घ्यावे आणि त्वचा ओलसर असतानाच, लव ज्या दिशेने वळते त्याच दिशेने मलमाचा हात फिरवावा. इसबात त्वचेचे संरक्षक आवरण कमकुवत असल्याने आतला ओलावा सतत बाहेर पडतो, आणि तो अडवणे हेच या मलमाचे खरे काम आहे.

रुंद तोंडाची डबी मला खटकते, कारण दरवेळी बोटे बुडवल्याने आत जंतू जातात. स्वच्छ चमच्याने मलम काढणे बरे. शिवाय अंगभर इसब असलेल्या मुलाला आठवड्याला २५० ग्रॅम किंवा त्याहूनही अधिक मलम लागू शकते, तिथे ५० ग्रॅमची डबी कशी पुरणार? मलम मुरलेले कपडे लवकर पेट घेतात, म्हणून ते आगीपासून दूर ठेवावे लागतात. ही सूचना खोक्यावर असायलाच हवी होती.

मुळात तो विकार इसबच आहे ना, हे डॉक्टरांकडून पडताळून घ्यावे. तान्ह्या बाळाचे गाल, कपाळ, टाळू आणि हातापायांची बाहेरची बाजू यांवर खरखरीत चट्टे उठतात, डायपरखालची त्वचा बहुधा वाचते; मूल मोठे होऊ लागले की चट्टे कोपराच्या आणि गुडघ्यामागच्या लवणीत, मनगटांवर दिसू लागतात. सावळ्या त्वचेवर लाली चटकन ओळखू येत नाही, चट्टे तपकिरी, जांभळट किंवा करडे दिसतात, आणि म्हणूनच निदान लांबते. खाज मात्र असतेच, आणि ती मुलाची झोप मोडते.

इसब उसळले की हे मलम एकटे पुरत नाही. अशा वेळी डॉक्टरांनी दिलेले सौम्य स्टिरॉइड मलम सांगितले तितके दिवस लावावे. मोठ्या माणसाच्या बोटाच्या टोकाच्या पेरावर मावेल इतके स्टिरॉइड मलम त्याच्याच बोटांसकट दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. स्टिरॉइडच्या भीतीने मुलाला खाजवत ठेवणे मला क्रूर वाटते. चट्ट्यांवर मधासारख्या पिवळ्या खपल्या धरल्या, पू आला, किंवा तापाबरोबर एकसारखे दिसणारे दुखरे फोड उठले, तर कोणत्याही डबीवर विसंबून न राहता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.