आज्ञांकित कक्ष : एकट्याच्या गाऱ्हाण्यापुरती चांगली सेवा

महाराष्ट्र पोलीस दलातील अंमलदारांना, म्हणजे शिपायापासून सहायक फौजदारापर्यंतच्या माणसांना, मान्यताप्राप्त संघटना नाही. त्यामुळे वरिष्ठांपुढे म्हणणे मांडण्यासाठी खात्याने दिलेली मुख्य सोय म्हणजे आज्ञांकित कक्ष, म्हणजेच सर्वांच्या तोंडी असलेला ‘ओ.आर.’ (ऑर्डर्ली रूम); तेथे अर्जदार थेट घटकप्रमुखासमोर, म्हणजे जिल्ह्याचे पोलीस अधीक्षक किंवा तशा वरिष्ठासमोर, उभा राहतो. निवृत्त होईपर्यंत मी स्वतः अर्जदार म्हणून तेथे उभा राहिलो आणि सहकाऱ्यांचे अर्जही लिहून दिले, तेव्हा या सेवेविषयी ग्राहकाच्या नात्याने चार शब्द लिहिण्यास हरकत नसावी.

अर्ज ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्यांमार्फत, त्यांच्या शेऱ्यासह वर जातो. तारीख मिळाली की कडक इस्त्रीच्या गणवेशात व्हरांड्यात रांगेत उभे राहायचे, नाव पुकारताच आत जाऊन सॅल्यूट करायचा आणि लिपिक अर्जाचा सारांश वाचून दाखवीपर्यंत सावधान स्थितीत थांबायचे. टेबलावर अर्जाशेजारी सेवापट उघडा असतो. साहेबांची नजर आधी अर्जावर जाते की सेवापटातील शिक्षांच्या नोंदींवर, हे पाहूनच जुना माणूस निकालाचा अंदाज बांधतो. बोलायला फार तर दोन मिनिटे मिळतात.

घरगुती अडचणीसाठी ही सेवा खरोखर उत्तम आहे. आईचे डायलिसिस, मुलीची बारावी, किंवा पती-पत्नी दोघेही खात्यात असून ठाणी मात्र जिल्ह्याच्या दोन टोकांना, अशा प्रकरणांत समजूतदार घटकप्रमुख जागच्या जागी आदेश सांगतात आणि संध्याकाळपर्यंत तो ठाण्यात पोहोचतो. वकील लागत नाही, फी लागत नाही. इतर किती सरकारी खात्यांत शेवटच्या पायरीवरचा कर्मचारी जिल्ह्याच्या प्रमुखासमोर असा थेट उभा राहू शकतो, याची मला शंकाच आहे.

अडचण सामाईक असली की मात्र हीच यंत्रणा कोलमडते. आमच्या ठाण्यातील पाच जणांची साप्ताहिक सुट्टी बंदोबस्ताच्या नावाखाली सतत बुडत होती, म्हणून त्यांनी एकच अर्ज लिहून खाली पाच सह्या केल्या. ‘सामूहिक अर्ज स्वीकारला जात नाही’ असे सांगून तो परत आला. मग त्याच मजकुराचे पाच वेगळे अर्ज गेले, पाचही अर्जांवर ‘मनुष्यबळ अपुरे’ असा एकच शेरा पडला आणि पाचही जणांना वेगवेगळ्या तारखा मिळाल्या. ज्याने लावलेल्या ड्युटीबद्दल तक्रार आहे, त्याच्याच शेऱ्यावर ती तोलली जाणार, हा या सेवेतील मूळ दोष आहे. पुढच्या आठवड्यात कसुरी अहवाल, म्हणजे कामात कसूर केल्याचा ठपका, कोणावर निघेल, ही धास्ती त्यानंतरची.

यामागे कायदा आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३३ नुसार पोलिसांच्या मूलभूत हक्कांवर संसद मर्यादा घालू शकते, आणि १९६६ च्या पोलीस दले (हक्कांवर निर्बंध) अधिनियमाने स्पष्ट मंजुरीविना कामगार संघटनेचे सदस्य होणे हा दोन वर्षांपर्यंतच्या कैदेस पात्र गुन्हा ठरविला. त्यात ऑगस्ट १९८२ ची आठवण मिसळली आहे : शिपायांच्या संघटनेची मान्यता काढून नेत्यांना अटक झाली, वरळी-नायगावच्या पोलीस वसाहतींतील असंतोष रस्त्यावर आला आणि मुंबईत लष्कर बोलवावे लागले. त्यानंतर संघटना हा शब्द खात्यात हळू आवाजातच उच्चारला जातो. परंतु याच कायद्याखाली केरळात १९७९ पासून निवडून आलेल्या प्रतिनिधींची पोलीस असोसिएशन काम करीत आहे आणि त्यामुळे तेथील शिस्त कोसळलेली नाही. ‘मंजुरीविना’ या शब्दात जी वाट ठेवली आहे, ती आपल्या राज्याने वापरलेली नाही, एवढाच तो फरक.

खालून आलेली सूचना वर ऐकली जातच नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. २०१६ साली मुंबईच्या देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या ड्युटीचा प्रयोग झाला, तो एका शिपायाने मांडलेल्या आराखड्यावर, आणि तत्कालीन आयुक्त दत्तात्रय पडसलगीकर यांनी तो उचलून धरला. पण तो आयुक्तांचा मोठेपणा होता; दुसऱ्या आयुक्तांनी ऐकलेच पाहिजे, असे बंधन त्यातून निर्माण झाले नाही.

ज्यांना आता ओ.आर.ला जायचे आहे, त्यांनी अर्जाच्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारीख घेतल्याशिवाय ठाण्यातून पाय काढू नये. विशेषतः मुदतपूर्व बदलीचा विषय असेल, तर महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम २२न मध्ये अंमलदाराचा एका ठिकाणचा सर्वसाधारण पदावधी पाच वर्षे दिलेला आहे, त्याचा उल्लेख अर्जातच करावा. कक्षात दाद लागली नाही, तर ‘मॅट’मध्ये, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, वकील सर्वांत आधी तीच प्रत मागतो.