नवा म्हणून विकलेला जुना कॅम्पर शेल

पिकअपच्या हौद्यावर बसवायचा कॅम्पर शेल, म्हणजे हौदा झाकणारं काचा असलेलं फायबरचं टोपण, घेताना माझी सरळसरळ फसवणूक झाली. दुसऱ्याच मॉडेलच्या गाडीवरून उतरवलेला, पुट्टी भरून रंगवलेला जुना शेल मला कोरा म्हणून विकला गेला. पैशांचं दुःख आहेच, पण त्याच्या छतावर तंबू लावून घरची माणसं झोपणार होती, हे आठवलं की आजही संताप होतो.

विक्रेत्याने छातीठोकपणे तीन गोष्टी सांगितल्या होत्या. शेल कोरा आहे, फायबरचे थर हाताने देऊन बनवलाय, आणि छत 250 किलो पेलतं. रंग गाडीच्या रंगाशी तंतोतंत जुळत होता, काचा स्वच्छ होत्या, आणि आतून छताला मऊ राखाडी फेल्ट चिकटवलेलं होतं. ‘थंडीत आत गारवा कमी लागतो, छताला दव साचत नाही,’ असं त्याने सांगितलं. चांगल्या शेलला आतून असं अस्तर असतं, हे खरंच आहे. या शेलमध्ये मात्र ते अस्तर सगळी लपवाछपवी झाकायला लावलं होतं.

पहिल्याच मोठ्या पावसात पुढच्या डाव्या कोपऱ्यातून पाणी आत आलं. फोन केला तर ‘रबर अजून बसलं नाही, दाबून बसेल’ असं उत्तर मिळालं. शेल आणि हौद्याची कड यांच्यामध्ये रबराची पट्टी असते आणि ती थोडी दबावी लागते, त्यामुळे ऐकायला हे पटण्यासारखं होतं. नंतर खालच्या कडेला, रंगाच्या आत, केसासारख्या बारीक भेगा दिसू लागल्या. मग शेल उतरवला आणि कोपऱ्यातलं फेल्ट सोलून काढलं. आत जुन्या बोल्टची भोकं बुजवलेली होती. एका ठिकाणी तडा गेला होता, त्याच्यावर फायबरचा तुकडा डकवला होता, तो तुकडा हाताला अजून चिकटही लागत होता. अनुक्रमांकाचा स्टिकर असतो तिथे फक्त खरवडल्याच्या खुणा होत्या. बनवणाऱ्या कंपनीला फोटो पाठवले, तेव्हा कळलं की हा आकार माझ्या गाडीसाठी त्यांनी कधी काढलाच नव्हता. लांबी जुळवायला पुढची कड घासून, उरलेली फट पुट्टीने भरली होती.

ही पुट्टी नुसती कुरूप दिसते म्हणून मी तक्रार करत नाही. पिकअपची केबिन आणि हौदा चासीवर वेगवेगळे बसवलेले असतात आणि खराब रस्त्यावर ते वेगवेगळे हलतात. म्हणून शेलची पुढची बाजू आणि केबिन यांच्यात मोकळी फट लागते, किंवा मऊ रबराचा फुगीर पट्टा लागतो. माझा शेल केबिनला जवळजवळ टेकलेला होता. प्रत्येक खड्ड्यात तो केबिनवर आपटत होता, आणि पुट्टी फायबरसारखी लवत नाही, तडकते. पाणी तिथूनच शिरलं. ‘थोडं घासून बसवून देतो’ हे वाक्य ऐकलंत की तिथून निघा. शेल गाडीचं मॉडेल, वर्ष आणि हौद्याची लांबी या तिन्हींना जुळणाराच हवा.

आता वजनाबद्दल, कारण इथे जिवाशी खेळ आहे. छताच्या वजनाची मर्यादा दोन प्रकारची असते. एक गाडी उभी असताना, दुसरी चालताना. उभ्या गाडीवर छत कितीतरी जास्त पेलतं. चालत्या गाडीत मात्र खड्डे, वळणं आणि ब्रेक यांचे हिसके तेच वजन कित्येक पटींनी वाढवतात. साध्या फायबर शेलची चालत्या गाडीतली मर्यादा बहुधा 100 किलोच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असते. एकट्या छतावरच्या तंबूचं वजन सहज 50 ते 80 किलो भरतं, आणि वर कॅरिअरच्या दांड्यांचं वजन वेगळं. मला सांगितलेला 250 हा आकडा, तोही आतून धातूची चौकट असलेल्या शेलचा, उभ्या गाडीवरचा होता. माझ्या शेलमध्ये चौकट नव्हतीच. छताच्या मध्यभागी तळहाताने दाबलं तर ते खाली लवत होतं. चांगल्या छतात फायबरच्या दोन थरांमध्ये जाळीदार किंवा लाकडी गाभा असतो, ते असं लवत नाही.

हाताने थर दिल्याचा दावाही खोटा निघाला. फवारणीच्या बंदुकीने फायबरचे तुकडे आणि रेझिन (त्यांना धरून ठेवणारी, सुकून कडक होणारी राळ) एकत्र फवारूनही शेल बनतात. कारागीर नीट असेल तर तेही टिकतात, त्यांना मी नावं ठेवत नाही. पण फवारा कमीजास्त झाला की जाडी जागोजागी बदलते. माझ्या शेलची खालची कड एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला पातळ आहे. फायबरची खरी जाडी बहुतेक वेळा या कडेलाच उघडी दिसते, म्हणून वाकून तिथे बघा. बोटाच्या पेरांनी सगळीकडे ठोकत जा. पुट्टी भरलेल्या जागी आवाज बद्द येतो. अस्तराचा एक कोपरा उचलून दाखवायला सांगा. विक्रेता नाही म्हणाला तर शेल घेऊ नका.

भांडायला गेलो तेव्हा त्याने बिल पुढे केलं. बिलावर ‘फायबर टॉप, एक नग’ एवढंच लिहिलेलं. नवा, वजनमर्यादा, मॉडेल, यातलं काहीच त्याने कागदावर येऊ दिलं नव्हतं. ‘आजीवन हमी’ जाहिरातीत होती, पण ती कंपनीची आणि पहिल्या खरेदीदारापुरती, अनुक्रमांक नोंदवला असेल तरच. माझ्याकडे अनुक्रमांकच नाही. त्याच्या माणसांनी क्लॅम्प न लावता हौद्याची कड भोसकून बोल्ट मारले आणि उघड्या पत्र्याला रंगही लावला नाही. आता तिथे गंज धरलाय, तोही माझ्याच माथी. जाहिरातीचे आणि संदेशांचे फोटो मी काढून ठेवले होते, त्यांच्याच जोरावर लेखी तक्रार केली आहे. तो अजून पैसे परत द्यायला तयार नाही. घेणाऱ्यांनी बिलावर ‘नवा’ हा शब्द, अनुक्रमांक, गाडीचं मॉडेल व वर्ष आणि चालत्या गाडीतली वजनमर्यादा लिहून घ्यावी, आणि मगच उरलेले पैसे द्यावेत.

ज्यांच्या गाडीवर असा शेल आधीच चढलाय, त्यांनी तंबू आणि कॅरिअर आजच उतरवून ठेवा. फाळक्याजवळची रबर पट्टी नीट बसते का तेही बघा. तिथे फट राहिली किंवा मागची काच उघडी ठेवून गाडी चालवली, तर एक्झॉस्टचा धूर आत खेचला जातो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. चालत्या गाडीत शेलखाली कोणालाही, कुत्र्यालासुद्धा, बसवू नका.